रणगाड्यांचा खेळ निरागस नव्हता

संपादक महोदय,

मुलांच्या मोबाइलवरील युद्धाच्या खेळांविषयी वाचकांची पत्रे येतात, तेव्हा ‘आमच्या वेळचे खेळ निरागस होते’ हे वाक्य त्यांत हमखास असते. मीही परवापरवापर्यंत तेच म्हणत होतो. तुरीचे कुटार ठेवण्यासाठी सपरीवरचा माळा रिकामा करताना लहानपणीचा टीव्ही गेम सापडला, त्याच्या पिना नव्या टीव्हीच्या मागे बसल्या, कॅसेटमध्ये फुंकर मारताच पडद्यावर विटांच्या अक्षरांतले नाव उमटले, आणि नववीतल्या पुतण्यासोबत तीन रात्री खेळल्यावर माझे मत बदलले, म्हणून हे पत्र.

आमचा खेळ रणगाड्यांचा. पडद्यावर ‘टँक १९९०’ असे नाव येत असले तरी ती नक्कल होती. मूळ खेळ जपानच्या नॅमको कंपनीने १९८५ साली काढलेला ‘बॅटल सिटी’. बाबांनी कापसाच्या चुकाऱ्यातून यवतमाळच्या बाजारातून आणलेल्या त्या कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ असे छापलेले होते, पण खेळ मोजकेच, तेच तेच निराळ्या स्टेजपासून सुरू होणारे. मूळ खेळात ३५ स्टेज, प्रत्येक स्टेजला शत्रूचे २० रणगाडे आणि तळाशी विटांच्या कुंपणात बसलेला गरुड, ज्याला आम्ही पोरे ‘पाखरू’ म्हणत असू. पाखरू गेले की हाती कितीही जीव शिल्लक असोत, खेळ संपला.

इतक्या वर्षांत मनात राहिले होते ते शत्रूचे रणगाडे. आता खेळताना ध्यानात आले की पाखरू आमच्याच गोळ्याने जास्त वेळा मरते. घाईघाईने खाली वळावे, एक गोळा जादा सुटावा आणि आपलेच कुंपण फुटावे, असा तो प्रकार आहे. जोडीदाराला आपला गोळा लागला तर तो मरत नाही, नुसता जागीच खिळून लुकलुकत राहतो, आणि तेवढ्यात शत्रू त्याला टिपतो. धाकटा भाऊ आणि मी यावरून रिमोटच्या वायरी ओढून मारामाऱ्या केल्या आहेत. परवा त्याच्याच मुलाने मला तसेच खिळवले आणि मी, चाळिशीचा माणूस, त्याच्यावर खरोखरच चिडलो.

तेव्हा निरागसपणाचे सोडूनच द्यावे. रणगाड्यांच्या खेळात निदान माणूस दिसत तरी नाही. कोनामी कंपनीच्या १९८७ सालच्या ‘कॉन्ट्रा’त तर आरंभापासून माणसेच टिपायची होती, आणि ३० जीव मिळवून देणारा बटणांचा क्रम माझ्या गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेला होता, पाढे मात्र पाठ नव्हते.

फरक होता तो आमच्या गुणांचा नव्हे, खेळाला असलेल्या कुंपणाचा. भारनियमनाच्या त्या वर्षांत गावात वीज टिकत नसे (चंद्रपूर आणि कोराडीची वीजनिर्मिती केंद्रे विदर्भातच असूनही), आणि अकराव्या स्टेजवर दिवा गेला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. “काका, हा गेम सेव्ह कसा होते?” असे पुतण्याने विचारले, तेव्हा तो होतच नाही, हे त्याला पटेना. त्याच्या मोबाइलवरच्या खेळात शंभर जण एका मैदानात उतरतात, एक सामना संपताच दुसरा तयार असतो, आणि बंदुकीला नुसता वेगळा रंग चढवायचा तरी पैसे मोजण्याची सोय आहे. आमची कॅसेट एकदा विकत घेतली की नंतर आमच्याकडे काही मागत नसे.

आपल्या पुरवणीत या विषयावर पुढे कधी लेख आला, तर लेखकाने बंदुकांची मोजदाद थोडी बाजूला ठेवून, तो खेळ कोठे थांबतो आणि घरातून किती पैसे ओढतो, याची माहिती पालकांना द्यावी, एवढी विनंती आहे. मुलगा कोणाला मारतो, हे आम्हाला पडद्यावर दिसतेच. पैशाचा भाग मात्र खात्यातून रक्कम गेल्याचा संदेश आल्यावरच कळतो.

आम्ही दोघे तिसऱ्या रात्री चौदाव्या स्टेजपर्यंत पोहोचलो होतो. तेवढ्यात शेतीच्या फिडरवर लाईन आली आणि गव्हाला पाणी द्यायला मला उठावे लागले.

आपला,
एक शेतकरी वाचक,
दारव्हा तालुका, जि. यवतमाळ