हशा कुठे गळाला, ते विचारा

महोदय,

टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांचे लेखक बेळगाव-निपाणीकडे गप्पांना आले, की श्रोत्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘विनोद सुचतो कसा?’ उत्तरही ठरलेले. त्यापेक्षा ताज्या भागातला एकच प्रसंग धरावा. तो आधी दोन वाक्यांत सांगावा. कारण चित्रीकरण प्रक्षेपणाच्या आधीच उरकलेले असते आणि लेखक तोवर पुढच्या भागांत गुंतलेला असतो.

अर्ध्या तासात जाहिराती वगळता जेमतेम २२ ते २४ मिनिटे उरतात, त्यामुळे संकलनात कात्री लागतेच. ती बहुधा सुरुवातीच्या साध्या वाक्यावर चालते, कारण तिथे हशा नसतो. पण पुढच्या टोल्याची बेगमी त्याच वाक्यात असते. ते गेले, की शेवटचा विनोद कोरडा पडतो आणि बोल मात्र लेखकाला. म्हणून ‘हे संहितेत होते, नटाने तालमीत घातले, की संकलनात काही गेले?’ असे नेमके विचारावे. पुढच्या भागात काय, हे विचारून उपयोग नाही. ते सांगायची लेखकाला सहसा मुभा नसते. आणि माइक हाती आला म्हणून स्वतःच नकला सुरू करणाऱ्यांना संयोजकांनी आवरावे, ही विनंती.

— काही नाट्यप्रेमी, खानापूर (जि. बेळगाव)