कीट्सने डॉक्टरकी अर्धवट सोडली नव्हती

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत इंग्रजी कवी जॉन कीट्सवर लेख आला, लेख चांगलाच होता, पण मध्येच एक वाक्य घुसलंय की डॉक्टरकी अर्धवट टाकून तो कवितेकडे वळला. साहेब, हे साफ चूक आहे. मी काही साहित्यातला माणूस नाही, इथे जयगडला खाडीकाठच्या एका दवाखान्यात २८ वर्षं कंपाउंडर होतो, म्हणून मला ते जरा जास्तच झोंबलं म्हणा.

पोरगा आधी एडमंटनला हॅमंड नावाच्या सर्जनकडे उमेदवारी करत होता, मग ऑक्टोबर १८१५ ला लंडनच्या गाईज हॉस्पिटलात, पुढच्या मार्चपासून ड्रेसर, म्हणजे सर्जनचा मदतनीस, आणि २५ जुलै १८१६ ला अपोथेकरीची, म्हणजे औषधं देणाऱ्या डॉक्टरकीची परीक्षा पास. लायसन्ससाठी २१ पूर्ण लागायची, ती त्याला ऑक्टोबरअखेर झाली. पास होऊन सोडलीन हो त्याने! आणि ड्रेसर म्हणजे नुसत्या पट्ट्या बांधणारा नव्हे. ऑपरेशनला भुलीचं ईथर आलं १८४६ ला, म्हणजे याच्या वेळी पेशंट जागा असतानाच करवत चालायची आणि धरायला ही पोरं, त्यात याचा सर्जन लुकास जड हाताचा म्हणून प्रसिद्ध.

त्याची अ‍ॅनाटॉमीची वही अजून जपलेली आहे, सर्जन अ‍ॅस्टली कूपरच्या लेक्चरच्या नोट्स, वही दोन्ही बाजूंनी लिहीत आणलेली आणि मार्जिनमध्ये फुलं काढलीत. लोक म्हणतात बघा, लक्ष नव्हतं. अहो, माझ्या मिक्श्चरच्या वहीतसुद्धा कडेला भरतीच्या वेळा आणि बांगड्याचे भाव असायचे, तरी बाटलीवर कागदाची पट्टी कातरून डोसाच्या खुणा चिकटवताना एकदाही चुकलो नाही.

आणि शिकलेलं गेलं कुठे? फेब्रुवारी १८२० मध्ये रात्री खोकल्यातून रक्त पडलं तेव्हा त्याने मेणबत्ती मागवली, थेंब निरखून बघितला आणि मित्राला सांगितलं, हा रंग मला माहितेय, हे धमनीचं रक्त, आता माझं संपलं. आई आणि धाकटा भाऊ दोघं क्षयानेच गेलेले. मुंबईच्या गिरणीतून खोकत गावी आलेल्यांना मी क्षयावरची स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं दिलीत, रुमालावर लाल दिसलं की ती माणसं रुमाल दुमडून खिशात टाकायची, बघायची नाहीत. याने दिवा लावून बघितलं.

रोममध्ये डॉक्टरने वर उपचार म्हणून त्याचंच रक्त काढलं आणि जेवायला दिवसाला एक अँचोव्ही नि पावाचा तुकडा. अँचोव्ही म्हणजे आपल्या मांदेलीच्या जातीतला मासा. एक मांदेली! आमच्याकडे मांजराला जास्त घालतात. २३ फेब्रुवारी १८२१ ला गेला, वय २५.

तेव्हा तेवढी दुरुस्ती छापा, कोपऱ्यात दोन ओळी आल्या तरी चालतील. मालगुंडला केशवसुतांच्या स्मारकात शाळेच्या सहली येतात, तिथली मुलं तुमचा पेपर वाचतात, उद्या भाषणात हेच ठोकून देतील.

आपला,
एक निवृत्त कंपाउंडर, जयगड, जि. रत्नागिरी