खाण ज्याच्या जमिनीत, खड्डाही त्याच्याच नशिबी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गरीब देश मागे का राहिले असा विषय निघाला की "लोकच आळशी, दुसरं काय" असं बिनधास्त ठोकून देणारे खूप भेटतात आणि मला दरवेळी राग येतो. अहो, सगळ्यांना सारखं मिळालंच कुठे होतं? टायग्रिस-युफ्रेटिस नद्यांच्या (आजच्या इराक-सीरियाकडच्या) पट्ट्यात साधारण 10,000 वर्षांपूर्वी गहू, जव, शेळ्यामेंढ्या, गुरं असं सगळं आसपास रानात होतं म्हणून तिथे इतक्या लवकर शेती उभी राहिली, ऑस्ट्रेलियात नांगराला जुंपता येईल असं एक जनावर नव्हतं, आणि अमेरिकेतले घोडे तर हजारो वर्षांपूर्वीच संपले होते, ते परत आले थेट स्पॅनिश लोकांच्या जहाजातून. यात कोणाची हुशारी आणि कोणाचा आळस?

पण माझा खरा मुद्दा पुढचाच आहे. निसर्गाने भरभरून दिलं तरी ज्याच्या जमिनीत आहे त्याच्या पदरात पडतं का? नाउरूचंच बघा. पॅसिफिकमधलं जेमतेम 21 चौरस किलोमीटरचं बेट, आणि त्यावर एकदम उच्च प्रतीच्या फॉस्फेटचा, म्हणजे खतासाठी लागणाऱ्या खनिजाचा थर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खोदकाम सुरू झालं, पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडने मिळून ताबा घेतला, मग जहाजं भरभरून माल बाहेर गेला, त्याच्या खतावर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची कुरणं हिरवीगार झाली आणि बेटावरच्यांच्या हातावर टेकवली किरकोळ रॉयल्टी. 1968 ला देश स्वतंत्र झाला, पुढे त्यांच्या स्वतःच्या सरकारने पण खोदकाम चालूच ठेवलं आणि आलेला पैसा नीट सांभाळला नाही, हेही खरंच, ते लपवायचं कारण नाही. पण आज बेटाच्या मधोमध काय उरलंय तर चुनखडीचे उंच टोकदार सुळके आणि त्यांच्यामध्ये खोल फटी, माती जवळपास नाहीच, तिथे ना शेती होते ना घर बांधता येतं, बहुतेक लोक किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्टीत राहतात. 1989 ला नाउरू ऑस्ट्रेलियाविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं, 1993 ला तडजोड होऊन ऑस्ट्रेलियाने भरपाई कबूल केली, पण गेलेली माती पैशाने कशी परत येणार?

आणि हे जुनं झालं म्हणून सोडून देऊ नका. मोबाईल आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीला लागणारा कोबाल्ट, जगातला निम्म्याहून जास्त आफ्रिकेतल्या एकट्या काँगोतून (काँगो लोकशाही प्रजासत्ताक) निघतो. मोठ्या कंपन्यांच्या खाणी आहेतच, पण हजारो माणसं हाताने बोगदे खणून पोत्यात दगड भरतात, तो माल व्यापारी ठरवेल त्या भावात विकतात, शुद्धीकरण मुख्यतः चीनमध्ये होतं आणि खरी कमाई तिथून पुढे सुरू होते. उलट जपानकडे ना तेल ना धड लोखंड, तरी देश श्रीमंत, कारण कच्चा माल बाहेरून आणून त्याचं पक्कं करायची ताकद त्यांच्याकडे आहे. म्हणून कच्चा माल उचलून नेण्यापेक्षा जिथे तो निघतो तिथेच कारखाने निघाले पाहिजेत, आणि खाण बंद झाल्यावर जमीन परत भरून द्यायचा पैसा पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवायची सक्ती पाहिजे, नंतर कोर्टात भांडून फारसं काही हाती लागत नाही.

तुमच्या पेपरात नव्या गाड्यांच्या, नव्या फोनच्या बातम्या मोठ्या जागेत येतात. त्यात बॅटरीतला माल कुठल्या खाणीतून आला, काढणाऱ्याला काय मिळालं, एवढंही छापत जा ना, प्लीज.

आपला,
एक नियमित वाचक