चाउशेस्कूच्या राजवटीचा हिशेब मांडायला मदत करणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

रोमेनियाच्या निकोलाय चाउशेस्कूवर मी आमच्या अभ्यासमंडळासाठी जो दीर्घ लेख लिहीत होतो, त्याचा कच्चा खर्डा आपण ओळ न ओळ वाचलात, समासात पेन्सिलीने टिपणे केलीत, आणि अर्थशास्त्र शिकवताना जपून ठेवलेली आपली जुनी कात्रणेही मला वापरू दिलीत. त्याबद्दल मनःपूर्वक आभार मानण्यासाठी हे पत्र लिहितो आहे. ते जाहीर करण्यास आपण नाव न छापण्याच्या अटीवर संमती दिलीत, म्हणून येथे केवळ 'मॅडम' एवढाच उल्लेख आहे.

एखाद्या कम्युनिस्ट हुकूमशहाची राजवट यशस्वी होती का, हा प्रश्न चाउशेस्कूच्या बाबतीत वरवर पाहता सुटलेलाच वाटतो. 25 डिसेंबर 1989 रोजी तर्गोविश्ते येथील लष्करी तळावर घाईघाईने उरकलेल्या खटल्यानंतर त्याला आणि पत्नी एलेनाला गोळ्या घालण्यात आल्या. यापुढे विचारायचे काय राहिले? आपले पहिलेच टिपण नेमके यावर होते. मृत्यू कसा आला यावरून कारकिर्दीचे मोजमाप करायचे, तर 1985 मध्ये सत्तेवर असतानाच वारलेल्या अल्बानियाच्या एन्व्हर होजाला यशस्वी म्हणावे लागेल, असे आपण लिहिलेत. त्याऐवजी या माणसाने स्वतः काय साधायचे ठरवले होते, ते साधले का, आणि त्याची किंमत कोणाकडून वसूल झाली, या क्रमाने पुढे जाण्याचे आपण सुचवलेत. लेखाला आकार आला तो या क्रमामुळे.

कर्जाचे प्रकरण त्या दृष्टीने पुन्हा मांडले, आणि लेखाचा गाभाच तेथे सापडला. सत्तरच्या दशकात रोमेनियाने पाश्चात्त्य देशांकडून भरपूर कर्ज काढून अवजड उद्योग उभारले. तेलशुद्धीकरणाची क्षमता तर देशातील तेलाच्या उत्पादनापेक्षा कितीतरी अधिक वाढवली. 1979 नंतर आयात तेल महागले, व्याजदर चढले, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे 10 अब्ज डॉलरचे देणे डोक्यावर आले. इतर कर्जबाजारी देशांनी सवलती मागितल्या, मुदती वाढवून घेतल्या. चाउशेस्कूने मात्र पै न पै फेडण्याचा निश्चय केला आणि एप्रिल 1989 मध्ये कर्ज फिटल्याची घोषणाही केली. केवळ हा आकडा पाहिला तर असे यश फार थोड्या राज्यकर्त्यांच्या वाट्याला आले असेल. परंतु ते साधण्यासाठी अन्नधान्य आणि मांस निर्यात झाले, पावासाठी शिधापत्रके आली, ऐन हिवाळ्यात घरे गारठली, वीज तोडली गेली आणि दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण दिवसाला दोन तासांवर आले. लोकांनी कमी खावे हे पटवण्यासाठी 1982 मध्ये शास्त्रीय आहाराचा सरकारी कार्यक्रमही निघाला. पोरांना उपाशी ठेवून सावकारापुढे ताठ मानेने उभा राहणारा घरकर्ता, अशी उपमा आपण फोनवर बोलताना दिली होती. त्याच वर्षांत बुखारेस्टमधील उरानुस ही जुनी वस्ती पाडून जगातील सर्वांत प्रचंड इमारतींपैकी एक असलेला प्रासाद बांधला जात होता, हे त्या उपमेला जोडून मी लेखात घातले आहे.

लोकसंख्येचे धोरण मी आधी दोन ओळींत उरकले होते. ते विस्ताराने लिहायला आपण सांगितलेत. ऑक्टोबर 1966 च्या 770 क्रमांकाच्या आदेशाने गर्भपातावर बंदी आली. 45 वर्षांवरील किंवा चार मुले असलेल्या स्त्रिया अशा मोजक्या अपवादांनाच त्यातून सूट होती. पुढच्याच वर्षी जन्मांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली, म्हणजे हेही उद्दिष्ट साधले. मग लोकांनी चोरवाटा शोधल्या, जन्मदर पुन्हा उतरला, आणि बेकायदा गर्भपातांत हजारो स्त्रिया दगावल्या. मातामृत्यूंचे प्रमाण युरोपात सर्वाधिक झाले आणि 1989 मध्ये अनाथालयांत लाखाहून अधिक मुले होती. राजवट कोसळताच बंदी उठवण्यात आली आणि वर्षभरात मातामृत्यूंचे प्रमाण निम्म्यावर आले. कारण आणि परिणाम यांचा संबंध इतका स्वच्छ दाखवणारी उदाहरणे इतिहासात विरळाच.

जमेची बाजू पुसून टाकू नये, हा आपला आग्रह होता आणि तो योग्यच होता. चाउशेस्कू सत्तेवर आला तेव्हा चाळीस टक्क्यांहून कमी लोक शहरांत राहत होते. अखेरीस ते प्रमाण निम्म्याहून अधिक झाले. लाखो कुटुंबांना पक्की घरे आणि कायमची नोकरी मिळाली, 1979 मध्ये बुखारेस्टची मेट्रो धावू लागली, आणि आजही तेथील अनेक वृद्ध त्या काळाची आठवण हळवेपणाने काढतात. परंतु शहरीकरण त्याच काळात ग्रीस आणि पोर्तुगालमध्येही झाले, तेव्हा त्याचे श्रेय राजवटीला किती आणि काळाला किती, हे ठरवताना इतर देश पाहायलाच हवेत. सरकारी आकड्यांवर विसंबण्याचीही सोय नाही. 1989 चे धान्योत्पादन 6 कोटी टन जाहीर झाले, ते प्रत्यक्षातील पिकाच्या तिपटीहून अधिक होते. जी राजवट स्वतःच्याच मोजपट्टीत फेरफार करते, तिला आपण अपयशी ठरतो आहोत हे वेळेवर कळण्याचा मार्गही उरत नाही. नोव्हेंबर 1989 मध्ये पक्षाच्या अधिवेशनाने त्याला एकमुखाने पुन्हा निवडले, आणि डिसेंबरात तिमिश्वारा शहरात उठाव पेटला.

एका मुद्द्यावर मात्र मी आपल्याशी अजून सहमत नाही. सोव्हिएत संघ आणि त्याच्या मित्रदेशांनी चेकोस्लोव्हाकियावर केलेल्या आक्रमणाचा 21 ऑगस्ट 1968 रोजी चाउशेस्कूने जाहीर निषेध केला, आपले सैन्य धाडले नाही, आणि मॉस्कोपुढे न वाकणारा नेता अशी कीर्ती मिळवली. आपण हे निखळ जमेत धरता. त्या दिवशी धैर्य लागले, हे मलाही मान्य आहे. परंतु त्याच कीर्तीवर पुढे पाश्चात्त्यांची कर्जे मिळाली, 1978 मध्ये ब्रिटनच्या राणीचा सन्मान मिळाला, आणि 1971 मध्ये चीन व उत्तर कोरियाहून परतल्यावर त्याने संस्कृतीच्या मुसक्या आवळायला घेतल्या तेव्हा बाहेरच्यांनी तिकडे काणाडोळा केला. कोणाचेही ऐकणार नाही हा 1968 चा बाणा आणि कोणाचेही देणे ठेवणार नाही हा ऐंशीच्या दशकातला हट्ट, यांचे मूळ मला एकच दिसते. म्हणून तो प्रसंग मी दोन्ही रकान्यांत मांडला आहे.

सुधारलेला खर्डा आणि आपली कात्रणे या आठवड्यात टपालाने पाठवतो आहे. 1968 चा परिच्छेद पेन्सिल हाती घेऊनच वाचावा, ही विनंती. आपण दिलेल्या वेळाबद्दल आणि निवांतपणे केलेल्या चर्चेबद्दल पुन्हा एकदा आभार.

आपला कृतज्ञ,
अभ्यासमंडळाचा एक सदस्य