साडेतीन दिवसांचं अंतर

सांगली

प्रिय गड्या,

काल रात्री आबांची हॉस्पिटलची फाईल चाळत होतो. अँजिओप्लास्टीच्या संमतीपत्रावर तुझी सही दिसली. शेजारी 'रुग्णाशी नाते' या रकान्यात तू 'मुलगा' असं लिहिलंयस. किती वेळ ती फाईल तशीच मांडीवर घेऊन बसलो होतो.

त्या रात्री तू साताऱ्याहून मिरजेला गाडी हाणत आलास आणि फोनवर मला एवढंच म्हणालास, "अरे, जहाजावर हेलिकॉप्टर उतरतं ना? मग बस की त्यात!" मी सांगायचा प्रयत्न केला, पण तुला काही कळलं नसणार. आम्हा डायव्हरना दाबाच्या चेंबरमध्ये हीलियम मिसळलेला वायूच श्वासात घ्यावा लागतो, आणि हीलियममध्ये आवाज बदकासारखा होतो. यंत्रातून सुधारून बाहेर पाठवतात, तरी निम्मे शब्द गळतात. तू आबांच्या कानाला फोन लावलास तेव्हा त्यांनाही पोराचा आवाज ओळखू आला नाही. ते मला अजून सलतंय. म्हणून हे लिहून सांगतो.

मी तेव्हा मुंबई हायला, समुद्रातल्या तेलक्षेत्रात होतो, किनाऱ्यापासून दीडशेएक किलोमीटरवर. काम सत्तर मीटर खोल. पण आम्ही राहतो जहाजावरच, लोखंडी चेंबरमध्ये. आतला दाब मात्र समुद्राच्या तळाएवढा, म्हणजे तुझ्या अंगणातल्या हवेच्या आठपट. पाळी आली की बेलमध्ये, म्हणजे चेंबरला जोडलेल्या खाली सोडायच्या लोखंडी कोठडीत, शिरायचं, बेल तळाशी जाते, काम करून परत चेंबरमध्ये. असे अठ्ठावीस दिवससुद्धा काढतो.

एवढा खटाटोप का? मटकी भिजत घातली की रात्रभरात प्यायचं तेवढं पाणी पिते. मग दोन दिवस ठेव नाहीतर चार, जास्त काही घेत नाही. अंगाचंही तसंच. दाबाखाली साधारण एका दिवसात शरीर वायूनं पुरतं भरतं. त्यानंतर आत एक दिवस राहा किंवा महिना, वर यायला लागणारा वेळ तेवढाच. रोज वर-खाली करण्यापेक्षा एकदाच भरायचं आणि एकदाच सावकाश रिकामं व्हायचं. 1957 पासून अमेरिकी नौदलाच्या डॉ. जॉर्ज बाँड यांनी आधी प्राण्यांवर आणि मग माणसांवर हे तपासलं. तू पाटबंधारे खात्यातला, म्हणून मुद्दाम सांगतो: या पद्धतीनं पहिलं व्यावसायिक काम झालं ते एका धरणावर, 1965 साली, व्हर्जिनियातल्या स्मिथ माउंटन धरणावर. साठेक मीटर खोल पाण्यात कचरा अडवणाऱ्या जाळ्या बदलायच्या होत्या. ते वाचलं तेव्हा मला कोयनाच आठवली.

आतलं जगणं तुला कधी नीट सांगितलंच नाही. आमच्या श्वासात ऑक्सिजन शंभरात जेमतेम पाच, बाकी जवळजवळ सगळा हीलियम. दाबच इतका असतो की तेवढा पुरतो. हीलियम अंगातली ऊब हवेच्या सहापट वेगानं ओढून नेतो, म्हणून चेंबर तीस अंशांच्या आसपास ठेवतात. तिथून दोन अंश खाली आलं तरी हुडहुडी भरते. पाण्यात तर जहाजावरून नळीनं गरम पाणी सूटमध्ये सोडत राहतात. जेवण छोट्या लॉकमधून, म्हणजे दोन दारांच्या खिडकीतून, आत येतं. आईनं दिलेलं भडंगाचं पाकीट आधी फोडून मगच पाठवावं लागतं, बंद पाठवलं तर दाबानं चपटं होतं. चव तर कशालाच लागत नाही, ठेचासुद्धा जिभेला नुसता चाटून जातो. संडासात पाणी सोडायचं तरी बाहेरच्या माणसाला सांगायचं, तो बाहेरचा व्हॉल्व्ह उघडतो. ती बाहेरची माणसं रात्रंदिवस आमचा श्वास मोजत बसलेली असतात. त्यांच्या भरवशावर आम्ही झोपतो.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. दार का उघडत नाहीत? 5 नोव्हेंबर 1983 ला उत्तर समुद्रात बायफोर्ड डॉल्फिन नावाच्या तेलविहीर खणणाऱ्या रिगवर, चेंबरचं दार पुरतं लागण्याआधीच बेलचा जोड सुटला. दाब बाहेरच्या हवेच्या नऊपटीवरून एकपटीवर आला, क्षणाच्याही आत. आतले चारही डायव्हर गेले आणि बाहेरचा एक कामगारही. गोटी सोड्याची गोटी आत ढकलल्यावर जसा फेस येतो, तसं रक्तात होतं.

तुझा फोन झाला आणि तासाभरात त्यांनी मला वेगळ्या चेंबरमध्ये घेतलं, दाब उतरवायला सुरुवात केली. तासाला मीटर-दीड मीटर. मध्यरात्रीनंतर काही तास तेही थांबवतात. आणि जसजसं वर यावं तसतसा वेग आणखी कमी करतात. शेवटचे पंधरा मीटर सगळ्यात लांब असतात, गड्या. भिंतीपलीकडे वीतभर अंतरावर माणसं चहा पीत उभी होती, आणि मी दाबाच्या काट्याकडं बघत पडून होतो. साडेतीन दिवस. चंद्रावरून परत यायलासुद्धा अपोलोवाल्यांना तीनच दिवस लागले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी तुझा निरोप आला, 'स्टेंट बसला, आबा बोलले.' लॉकमधून कागदावर लिहून आत पाठवला त्यांनी. तो कागद मी जपून ठेवलाय.

बाहेर आल्यावर आणखी एक दिवस चेंबरच्या जवळपासच थांबावं लागलं, लगेच उडता येत नाही. मग हेलिकॉप्टरनं जुहू, तिथून रात्रीची गाडी. मी वॉर्डात आलो तेव्हा तू आबांची दाढी करून देत होतास. मी आभार मानायला तोंड उघडलं आणि तू वस्तरा धुवायला निघून गेलास.

आबा आता सकाळी आयर्विन पुलापर्यंत चालत जातात. गोळ्या वेळेवर घेतात, मीठ मात्र चोरून मागतात. परवा जेवताना म्हणाले, "थोरला कधी येणार?" मी समोरच बसलो होतो. आई हसली तेव्हा कळलं, ते तुझ्याबद्दल विचारत होते.

रविवारी ये. वहिनींना आणि पोरांना घेऊन ये.

तुझाच