पान नंबर बारा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी प्राध्यापक नाही आणि शिक्षणतज्ज्ञ तर अजिबातच नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात कॉलेजच्या गेटसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, दोन मशीन, एक कॉम्प्युटर, एक लॅमिनेशन, बस. पण सतरा वर्षं या काउंटरमागे बसून पोरं काय वाचतात हे मी जेवढं बघितलंय तेवढं बहुतेक त्यांच्या सरांनीही बघितलं नसेल, म्हणून हे पत्र. आपल्या पेपरात नवीन शैक्षणिक धोरणावर रोज काही ना काही येतंय, कोणी म्हणतं क्रांती झाली, कोणी म्हणतं वाट लागली, आमच्या दुकानातून नेमकं काय दिसतं ते कोणीच विचारत नाही.

आधी एक गंमत सांगतो. माझ्याकडे अर्थशास्त्राच्या नोट्सचा एक गठ्ठा आहे, कोणत्यातरी हुशार पोरीने दहा-बारा वर्षांपूर्वी लिहिलेला, अक्षर मोत्यासारखं. त्याची झेरॉक्स, झेरॉक्सची झेरॉक्स, असं करत करत आता पाचवी-सहावी पिढी चाललीय. त्यातलं पान नंबर बारा कधीतरी हरवलं. त्या पानावर मागणीच्या लवचिकतेचे, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती हलते त्याचे, शेवटचे दोन प्रकार होते. प्रकार आहेत पाच, गठ्ठ्यात उरले तीन, आणि तेव्हापासून आमच्या गावातली पोरं पेपरात तीनच प्रकार लिहून येतात. मला हे कळलं कारण मी स्वतः नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए केलं, अर्थशास्त्र घेऊन, दुकान सांभाळून, आणि ते पुस्तक अजून माझ्याकडे आहे. मी दोन-चार पोरांना म्हटलं पण, अरे प्रकार पाच असतात. एक जण म्हणाला, काका, तुमच्या वेळचा सिलॅबस असेल.

तर मुद्दा हा आहे साहेब, की विद्यापीठ म्हणून जे काही कागदावर आहे आणि पोराच्या हातात जे पडतं त्याच्यामध्ये माझं दुकान उभं आहे, आणि ते तिथे असायला नको.

2024-25 पासून संलग्न कॉलेजात नवीन धोरण लागू झालं तेव्हा ॲडमिशनच्या दिवसात माझ्या काउंटरवर जी गर्दी झाली ती बघायला पाहिजे होती. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडीचा विषय, शिवाय ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, हे सगळे विषयांचे गट एका फॉर्मवर, आणि पोरगं ऊसतोड सोडून आलेल्या बापाला घेऊन उभं, बाप मला विचारतो, "मायनर म्हंजी अठरा वर्षाच्या आतलं का?" हसू नका, माझा पण पहिल्या दिवशी तसाच गोंधळ झाला होता. मग मी रात्री बसून शासनाचा जीआर वाचला, आता मीच सल्लागार झालोय. क्रेडिट म्हणजे शिकण्याच्या तासांचा हिशोब. सेमिस्टरला साधारण 22 क्रेडिट, थिअरीला एका क्रेडिटचे 15 तास, तीन वर्षांत 120 ते 132. पहिल्या वर्षानंतर सोडायचं असेल तर सर्टिफिकेट मिळतं, पण त्यासाठी वर्षाच्या क्रेडिट्सशिवाय चार क्रेडिटचा एखादा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप करावी लागते. हे शेवटचं वाक्य मी आतापर्यंत शंभर एक पोरांना सांगितलं असेल, त्यातल्या कोणाला आधी माहीत नव्हतं. मध्येच सोडून जाणारं पोरगं बहुतेक कारखान्यावर नाहीतर पुण्याला कंपनीत जातं, त्याला वाटतं आपोआप सर्टिफिकेट घरी येईल.

आणि ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे फॉर्मवरचं ते ओई, नावाची गोष्ट. कल्पना सुंदर आहे, आर्ट्सच्या पोराने कॉमर्सचं काहीतरी शिकावं, कॉमर्सच्या पोरीने मानसशास्त्र वाचावं. प्रत्यक्षात समोरच्या कॉलेजात कोणत्या सरांचा वर्कलोड कमी पडतोय त्यावरून ठरतं की यावर्षी पोरांना कशाची आवड आहे. मी सरांना दोष देत नाही, जागा भरत नाहीत, तासिका तत्त्वावरचे लोक सायकलच्या पंक्चरवाल्यासारखे इकडून तिकडे ठिगळ लावत फिरतात, ते तरी काय करणार.

मग एबीसी, म्हणजे क्रेडिटची बँक. हे अकाउंट डिजिलॉकरवरून फुकट निघतं, तरी दुकानात पन्नास रुपये घेतात, मी वीस घेतो, कारण ओटीपी बापाच्या मोबाईलवर येतो आणि बाप शेतात रेंज नसलेल्या ठिकाणी असतो, तोपर्यंत माझं मशीन अडकून पडतं. अकाउंट काढलं की ते पुन्हा कोणी उघडून बघत नाही. बँक आहे पण पासबुक भरायला कोणी जात नाही अशी गत.

आता खरी जळजळ सांगतो. पोरं माझ्याकडे दीड रुपया पानाने जे छापून नेतात त्यापेक्षा दहापट चांगलं सामान फुकट पडलंय. एन-लिस्ट म्हणून एक योजना आहे, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठांच्या लायब्रऱ्या जोडणाऱ्या सरकारी संस्थेची, कॉलेज सभासद झालं की तिथल्या प्रत्येक पोराला स्वतःचं लॉगिन मिळू शकतं, हजारो जर्नल, म्हणजे संशोधनाची मासिकं, आणि लाखाच्या वर ई-पुस्तकं. कॉलेजच्या नोटीस बोर्डावर दोन वर्षं तो कागद लागलाय, मीच छापून दिला होता. लॉगिन किती पोरांकडे आहे विचारा. माझ्या दुकानात रोज येणाऱ्यांपैकी एकाकडेही नव्हतं, एक एमएची मुलगी सोडून, आणि तिने ते मागून मागून ग्रंथपालांच्या मागे लागून घेतलं. तिचीच गोष्ट, प्रोजेक्टसाठी नेटवरून काहीतरी कॉपी मारलेलं पंचवीस पानं प्रिंट करायला आली, विषय होता साखर कारखान्यातल्या बायकामजुरांचा. मी म्हटलं थांब, आणि शोधगंगा उघडून दिलं. भारतातल्या विद्यापीठांचे पीएचडीचे प्रबंध तिथे लाखांनी आहेत, मराठीतलेसुद्धा आहेत, कोणीही वाचा. ती दोन तास स्टुलावर बसून वाचत होती, प्रिंट काढलीच नाही. माझा धंदा बुडाला पण चहा मीच पाजला.

स्वयम् हे केंद्र सरकारचं ऑनलाईन कोर्सचं पोर्टल 2017 पासून आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2021 च्या नियमाप्रमाणे एका सेमिस्टरमधले 40 टक्क्यांपर्यंत कोर्स तिथून करून क्रेडिट घेता येतात, म्हणजे गावात जो विषय शिकवायला माणूसच नाही तो आयआयटीच्या मास्तरकडून शिकता येतो, कोर्स फुकट, फी फक्त परीक्षेची. विद्यापीठाने आणि कॉलेजने तो कोर्स मान्य करावा लागतो म्हणा, आणि घोडं तिथेच अडतं. केंद्राने वन नेशन वन सबस्क्रिप्शनला तीन वर्षांसाठी 6,000 कोटी दिलेत, सरकारी संस्थांना जवळपास 13,000 जर्नल्स. चांगलंच आहे, पण ते इंग्रजीत, आणि आमचं पोरगं पेपर मराठीतून लिहितं.

या मराठीच्या भानगडीवर जरा थांबतो. इग्नू या राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या ई-ज्ञानकोश या वेबसाईटवर ढीगभर साहित्य आहे, पण मुख्यतः इंग्रजी नाहीतर हिंदी, पोरं हिंदीतून वाचतात आणि मराठीत लिहिताना 'पूर्ति' आणि 'माँग' असं लिहून येतात. मराठीत काहीच नाही असं मात्र म्हणू नका. आमचं नाशिकचं मुक्त विद्यापीठ 1989 साली निघालं, राम ताकवले सर पहिले कुलगुरू, आणि त्यांनी जी पुस्तकं करून घ्यायची पद्धत घातली ती माझ्यासारख्या दुकानात बसून शिकणाऱ्यासाठी होती, धड्याच्या सुरुवातीला उद्दिष्टं, मध्ये मध्ये प्रश्न, शेवटी उत्तरं, शेजारी मास्तर बसल्यासारखं वाटतं. एमपीएससीवाले अजून ती पुस्तकं शोधत येतात. आमच्या शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राचीही स्वयं-अध्ययनाची मराठी पुस्तकं आहेत, त्यातली बरीच वेबसाईटवर सुद्धा आहेत. मराठी विश्वकोशाचे वीस खंड ऑनलाईन आहेत. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश, म्हणजे प्रत्येक विषयातल्या इंग्रजी शब्दांना मराठी शब्द देणारे कोश, आहेत. एकेकाळी नागपूरला महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ होतं, त्याची जाडजूड पुस्तकं जुन्या लायब्रऱ्यांत धूळ खात सापडतील. रेग्युलर कॉलेजच्या पोराला यातलं एकही नाव माहीत नसतं, त्याला गाईड माहीत असतं आणि माझं दुकान.

झेरॉक्स म्हणजे चोरी असं कोणी म्हणेल म्हणून सांगून ठेवतो. दिल्ली विद्यापीठातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज असल्या बड्या प्रकाशकांनी 2012 साली केस घातली होती, सप्टेंबर 2016 मध्ये दिल्ली हायकोर्टाने दुकानाच्या बाजूने निकाल दिला, कारण प्राध्यापकांनी नेमून दिलेले उतारे शिकण्यासाठी कॉपी करायला कॉपीराईट कायद्यात सूट आहे. निकालाच्या बातमीचं कात्रण मी लॅमिनेट करून गल्ल्यामागे लावलंय. पण त्यातला फरक बघा, तिथे सरांनी वीस पुस्तकांतून प्रकरणं निवडून कोर्स पॅक बनवला होता. आमच्याकडे निवड कोण करतं? सहाव्या पिढीची झेरॉक्स.

माझं म्हणणं फार मोठं नाही. आयकार्ड देता त्याच दिवशी एन-लिस्टचं लॉगिन द्या, कार्डाच्या मागे छापा, हवं तर मी छापून देतो. पहिल्या सेमिस्टरला 22 क्रेडिट आहेत ना, त्यातला एक तास, नुसता एक तास, ग्रंथपालांना द्या, त्यांनी पोरांना कॉम्प्युटरसमोर बसवून शोधगंगा, विश्वकोश, स्वयम् उघडून दाखवावं. प्रत्येक सरांनी आपल्या पेपरसाठी मराठीत मिळणाऱ्या पाच गोष्टींची नावं फळ्यावर लिहावीत. आणि लायब्ररीची ती जाळीची खिडकी काढा हो. पोरगं खिडकीतून चिठ्ठी देतं, आतून आवाज येतो "इश्यू आहे", विषय संपला. भाच्याच्या ॲडमिशनला कोल्हापूरला गेलो तेव्हा विद्यापीठाची बॅ. बाळासाहेब खर्डेकर लायब्ररी बघितली, पोरं पुस्तकांत डोकं घालून बसलेली, भाचा म्हणाला मामा जायचं का, मीच निघेना.

हे छापून आलं तर माझं गिऱ्हाईक थोडं कमी होईल, होऊ दे. लग्नपत्रिका आणि सातबारा आहेतच.

आपला नियमित वाचक,
एक झेरॉक्सवाला, जि. सातारा

ता.क. पान नंबर बारा मी मुक्त विद्यापीठाच्या पुस्तकात बघून हाताने लिहून काढलंय आणि गठ्ठ्यात घातलंय. अक्षर त्या पोरीसारखं नाही, पण प्रकार पाच आहेत. त्या पानाचे पैसे घेत नाही.