मशीन काट्यावर चढवण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात इतवारीतून दोऱ्याची रिळं घेऊन घरी निघाले होते. रस्त्याच्या कडेला कबाडीचा ठेला उभा होता. कूलरच्या गंजक्या जाळ्या, सायकलच्या दोन रिंगा आणि त्यांच्यावर आडवं टाकलेलं सिंगरचं पॅचर, म्हणजे चामडं शिवायचं मशीन. पट्टीवरची धूळ बोटाने पुसली. मॉडेल २९ के. असंच मशीन मी रोज चालवते, त्यामुळे ते तसं उताणं पडलेलं बघवेना. कितीला देता, असं विचारलं तर तो भाऊ म्हणाला, "काकू, मी मशीनचा भाव नाही लावत, लोखंडाचा लावतो." स्टँड आधीच तोडून झालं होतं. सातशे रुपयांत नुसतं मुंडकं घेतलं आणि ऑटोत घालून पाचपावलीला आणलं. ज्यांच्या माळ्यावर किंवा बंद दुकानात असं मशीन पडून आहे, त्यांच्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

ज्यांनी पॅचर पाहिलं नसेल त्यांना सांगते. शिंप्याच्या मशीनला खाली दाते असतात आणि ते कापड पुढे सरकवतात. पॅचरला खाली दाते नाहीत. वरचा फूटच चामडं धरतो आणि पुढे नेतो, आणि हा फूट पूर्ण गोल फिरतो. त्यामुळे चामडं न वळवता हव्या त्या दिशेला टाका घालता येतो. बुटाच्या आत, बॅगेच्या कोपऱ्यात, जिथे दुसरं मशीन पोचत नाही तिथे त्याचा बारीक, लांब हात शिरतो. नावातलं 'के' हे अक्षर स्कॉटलंडमधल्या किल्बोवीच्या कारखान्याचं. तो कारखाना १९८० मध्ये बंद पडला. म्हणजे तिथलं २९ के आज तुमच्याकडे असेल तर ते निदान पंचेचाळीस वर्षांचं आहे, बहुतेक त्याहून पुष्कळ जुनं.

आमच्या घरचं मशीन मामाजींचं. माझे सासरे एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली ती मिल. तिथे मामाजी चामडी पट्टे जोडायचे, मागावरचे म्हशीच्या कातड्याचे पिकर (धोट्याला धक्का देणारे तुकडे) बघायचे, आणि पाळी संपली की घरी येऊन या पॅचरवर बसायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा मला फक्त मेणदोरा ओढता येत होता. मशीनला हात लावायची पहिली परवानगी तेल घालण्यापुरती मिळाली आणि तिथेच माझी चूक झाली. घरात मशीनचं तेल संपलं होतं, मी खोबरेल घातलं. डिसेंबरचे दिवस होते. नागपूरची थंडी, सकाळी डबीतलं खोबरेल जसं गोठतं तसं ते मशीनमध्येही गोठलं. चाक हलेना. मामाजी काही बोलले नाहीत. मशीन अंगणात उन्हात ठेवलं, दुपारी घासलेट सोडून सगळं धुऊन काढलं, आणि मग मला जवळ बसवून तेलाची एकूण एक भोकं दाखवली. "सूनबाई, याला पातळ, पांढरं मशीनचंच तेल. थोडं घाल, पण रोज घाल." त्या दिवसापासून चुकले नाही.

खोबरेलापेक्षाही वाईट म्हणजे जवसाचं तेल. आपल्या विदर्भात जवस घरोघरी, म्हणून लोक तेही घालतात. जवसाचं तेल हवा लागली की सुकतं आणि कडक पापुद्रा धरतं, म्हणून तर ते लाकडाला लावतात. कबाडीकडून आणलेलं मशीन तसंच झालं होतं. सगळे सांधे तपकिरी राळेने चिकटलेले. मशीन खराब झालं असं म्हणून कुणी तरी ते विकून टाकलं असणार, पण ते फक्त आवळलं होतं. दोन रात्री घासलेटच्या चिंध्या गुंडाळून ठेवलं, थेंब थेंब सोडत राहिले, तिसऱ्या दिवशी चाक फिरलं. जोर लावून चाक फिरवू नका, हे कळकळीने सांगते, आत काही तुटलं तर ते मिळायला महिने जातात. आणि अंगावरची सोनेरी नक्षी स्पिरिटने पुसू नका, वरची लाख विरघळते आणि नक्षी तिच्याबरोबर जाते.

चाक फिरलं तरी टाका पडत नव्हता. सुई काढून पाहिली तर शिंप्याच्या मशीनची. पॅचरची सुई वेगळ्या मापाची, २९×३ नावाने मिळते, आणि चामड्यासाठी तिचं टोक कापणारं हवं. सुईची लांबी बदलली की शटल, म्हणजे खालचा दोरा घेऊन फिरणारा भाग, येतं तेव्हा वरच्या दोऱ्याचा फास तिथे नसतोच. हे साधं कळावं म्हणून मामाजी चाक हाताने हळू फिरवून दाखवायचे. सुई तळाला जाते, मग साधारण दोन मिलिमीटर वर येते, तेव्हा तिच्या पाठीशी दोऱ्याचा छोटा फास फुगतो आणि नेमक्या त्याच वेळी शटलचं टोक त्यातून जायला हवं. आधी गेलं किंवा उशिरा गेलं की टाका चुकला. पॅचरच्या हातात आत दात्यांची लांब पट्टी आणि छोटं चक्र असतं. ती जोडी झिजली की शटल मागे पडतं. बघायची सोपी खूण अशी: चाक किंचित पुढे-मागे हलवा. चाक हललं आणि शटल जागच्या जागी राहिलं, तर झीज आहे. या मशीनमध्ये झीज होती पण चालण्यासारखी. शटलच्या टोकावर खरबरीतपणा होता, तो अगदी बारीक पॉलिश पेपरने घालवला. पहिला सरळ टाका पडला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते, मी यजमानांना उठवून दाखवला.

या मशीनकडून काय मागू नये तेही सांगायला हवं, कारण जुनं म्हणजे वाट्टेल ते शिवतं असं लोकांना वाटतं. पॅचर हे दुरुस्तीकामाचं मशीन आहे. चपलेचा अंगठा, पर्सची कड, स्कूल बॅगचा तुटलेला बंद, बुटाचा वरचा भाग, इथे ते राजा आहे. गणपतीच्या आधी ढोल पथकाची पोरं येतात, त्यांना दोन जाड थरांचे कमरपट्टे हवे असतात. ते मी मशीनवर घेत नाही. रापीने कडा छिलते, आरीने भोकं पाडते आणि एका दोऱ्याला दोन्हीकडे सुया लावून हाताने शिवते. प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी दोरा जातो, त्यामुळे एक पदर तुटला तरी दुसरा टाका धरून ठेवतो. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात, एक तुटला की पुढचे सुटू लागतात. ढोल वाजवणाऱ्या पोराच्या कमरेवर सगळं वजन असतं, तिथे घाई चालत नाही. आणि पॅचरला मोटार लावू नका. हाताने नाही तर पायाने, टाका मोजत चालवायचं ते मशीन आहे. मोटारीच्या वेगाने आतले दाते लवकर घासून जातात.

टाके फार जवळ घातले म्हणजे काम मजबूत, हाही गैरसमज. चामड्याला प्रत्येक टाक्याचं भोक कायमचं राहतं. फार जवळची भोकं पडली की पोस्टाच्या तिकिटासारखं ते त्या रेषेवरच फाटतं. बाभळीच्या सालीत कमावलेल्या चामड्यावर काम करत असाल तर आणखी एक लक्षात ठेवा: ओलं असताना त्याला लोखंड लागलं की निळसर काळा डाग पडतो आणि तो सहज निघत नाही. पावसाळ्यात मशीनला गंज धरला असेल तर आधी चिंधीवर, मग चामड्याच्या तुकड्यावर शिवून बघा.

माझा मुलगा बुटीबोरीला कंपनीत आहे. तो म्हणतो, आई, हे काम आता आपल्या घरात नको. त्याचं चूक नाही. या कामाबरोबर आमच्या लोकांनी जो अपमान सोसला तो मीही पाहिला आहे, आणि तो पोरांच्या वाट्याला येऊ नये म्हणूनच त्यांना शिकवलं. पण शटलचं टायमिंग लावणं, दोऱ्याचा ताण कानाने ओळखणं ही कारागिरी आहे, आणि तिचा मान कुणाच्याही पोराला मिळावा. शेजारची एक मुलगी इंजिनीअरिंगला आहे. मोबाइलवर बघून पाकिटं शिवायला लागली, हाताने. तिला हे मशीन उघडून दाखवलं तर दोन तास उठली नाही. दात्यांची पट्टी बघून म्हणाली, "काकू, आम्ही हे वहीत काढतो, हातात पहिल्यांदाच घेतलं."

तिच्या त्या बोलण्यावरून मनात आलेली मागणी मांडते. बायकांना शिलाई मशीन देण्याच्या योजना निघतात, चांगली गोष्ट आहे. पाच वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या एका बाईला असं मशीन मिळालं. तेल कुठे घालायचं ते कुणी सांगितलं नाही, आठ महिन्यांत ते अडकलं, वर्षाने विकलं गेलं. मशीन देताना त्याच दिवशी, तिथेच, अर्धा दिवस तरी तेल, सुई आणि टायमिंग शिकवलं पाहिजे. आपल्या आयटीआयमध्ये फिटर आणि टर्नरचे वर्ग आहेत, शिवणकामाचाही आहे. शिवणकामाच्या मुलींना मशीन चालवता येतं पण उघडता येत नाही, आणि फिटर-टर्नरची मुलं बुश (दांडा ज्यात फिरतो ती धातूची नळी) बनवतात पण हे मशीन त्यांच्यापुढे कुणी ठेवत नाही. एका टेबलावर एक जुनं मशीन ठेवून या दोघांना एकत्र बसवावं. शिकवायला शहरातले जुने दुरुस्तीवाले बोलवावेत आणि त्यांना रीतसर मानधन द्यावं. त्यातले बरेच आता सत्तरीच्या पुढे आहेत, हातात जे आहे ते कुणाला द्यायचं हे त्यांना कळत नाही. त्यांनी लेथवर एक झिजलेला बुश बदलून दिला की मशीन पुन्हा वर्षानुवर्षं चालतं. तो बुश बाजारात तयार मिळेलच असं नाही, बनवून घ्यावा लागतो.

सातशे रुपयांचं ते मुंडकं सध्या आमच्या ओसरीत लाकडी खोक्यावर बसवलं आहे. शेजारची मुलगी रविवारी येऊन त्यावर शिवते, चाक हाताने फिरवते. स्टँड मिळालं की ते मशीन तिला देणार आहे. कुणाकडे पॅचरचं ओतीव स्टँड रिकामं पडलं असेल, तर कृपा करून तेवढं कबाडीला देऊ नका.

आपली,
एक चर्मकार वाचक,
पाचपावली, नागपूर